पत्ता नसलेलं वचन

"वचन कुठलं?" काकासाहेबांनी विचारलं, आणि पेनचं टोक कागदावर टेकवून ते थांबले.

जयमालाला आधी वाटलं, ते दुसऱ्याच कुणाला तरी विचारताहेत. चर्चमागच्या लांबट खोलीत, भाता फाटलेल्या पेटीला आणि नाताळच्या नाटकातल्या पुठ्ठ्याच्या मेंढरांना पाठ लावून बसलेली कमिटी आता उठायच्या बेतात होती. कुणी पायानं चपला चाचपत होतं, कुणी चहाचे कप एकात एक घालत होतं. ठराव झाला होता. एस. टी.च्या डेपोतून रिटायर झालेला फिटर सहादू साळवे, छप्पन सालापासून बौद्ध, याला त्याच्या मरणानंतर मंडळीच्या कबरस्तानात, त्याची बायको एस्तेरबाई हिच्या शेजारी जागा द्यावी, असा तो ठराव. एस्तेरबाई शेवटपर्यंत मंडळीत होती, उपासनेला तिसऱ्या बाकावर बसायची. गेल्या उन्हाळ्यात तिला माती दिली. त्यानंतर हा म्हातारा स्वतः चालत पाळकसाहेबांकडे आला होता आणि उभ्याउभ्याच म्हणाला होता, मला तिच्याजवळ ठेवाल का तेवढं सांगा. बाप्तिस्मा न झालेल्याला त्या कुंपणात जागा नाही, हा नियम. नियम कुणी केला ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण नियमाला जेवढा जुनेपणा लागतो तेवढा त्याला आलेला होता. संध्याकाळभर वाद झाला. पुढे मागे न सरकणारा, चिखलात रुतलेल्या बैलगाडीसारखा. आणि मग जयमाला, कमिटीतली एकुलती एक बाई, जिच्याकडे एरवी नाताळच्या केकचं आणि रविवारच्या शाळेचं बघायचं काम, ती म्हणाली होती, "शास्त्रात लिहिलंय. ज्यांनी एका तव्यावरची भाकर खाल्ली, त्यांना मातीनं वेगळं करू नये."

तरुण पाळकसाहेबांनी डोळे मिटले होते. मागून कुणीतरी हलकेच 'आमेन' म्हटलं होतं. आणि बैलगाडी निघाली होती.

"अध्याय आणि वचन सांगा, बाई," काकासाहेब म्हणाले. "ठरावाखाली आधार लिहावा लागतो. उद्या कुणी विचारलं तर मी काय सांगू, जयमालाबाई म्हणाल्या म्हणून?"

"जिभेवर आहे. अध्याय आठवत नाही. रविवारी सांगते."

"घाई नाही. जागा मोकळी सोडतो." काकासाहेब जिल्हा परिषदेत हेडक्लार्क होते. त्यांनी सोडलेली मोकळी जागा भरेपर्यंत त्या कागदाला झोप नसे, आणि कागदाशी संबंधित माणसालाही.

लुना सुरू करताना तिचा पाय दोनदा निसटला. तारकपूरच्या वळणावर एस. टी. अंगावरून गेली आणि ती मनातल्या मनात बायबलातल्या नीतिसूत्रांपासून सुरुवात करत होती. तिथं असणार. नाहीतर उपदेशकात. ते वाक्य त्याच घराण्यातलं वाटत होतं. काही वाक्यं अंगावर रविवारचे कपडे घालूनच येतात. पोस्टाच्या काउंटरवर तिची वीस वर्षं गेली होती. पाकीट हातात घेतलं की वजन काट्याआधी तिच्या मनगटाला कळे, आणि माणसंही ती तशीच तोलत आली होती. काकासाहेब: वजनाला भरपूर, आत कोंबलेला कागदच जास्त. पाळकसाहेब: हलके, पण तिकीट पूर्ण लावलेलं. आणि अपुऱ्या पत्त्याचं टपाल ती ज्या थंडपणे बाजूला टाकत आली होती, त्या गठ्ठ्यात आज तिचंच एक पाकीट पडलं होतं. तिनं दिलेलं वाक्य पोचलं होतं, त्यानं काम केलं होतं, पण ते आलं कुठून? याचं तिला आधी हसू आलं. आठवेल की. घरी जाऊन शब्दसूची काढली की भाकरीवरून सापडेल, तव्यावरून सापडेल, मातीवरून तर सापडेलच.

भाकरीवरून सापडलं नाही. तव्यावरूनही नाही. सकाळी शांतवन, तिचा नवरा, दाढी करता करता आरशातून बघत होता. "परीक्षा आहे काय गं?" त्यानं विचारलं. तिनं पान उलटलं. शास्त्रात माती भरपूर होती. माणूस मातीचा, मातीला मिळणार, डोक्यात माती घालून घेणारे राजे, मातीवर लिहिणारं बोट. पण तिची माती नव्हती. तिला हळूहळू एक चमत्कारिक गोष्ट जाणवायला लागली. आयुष्यभर ती हे पुस्तक वाचत आली होती, त्याच्यावरून पोरांना शिकवत आली होती, बारशाला, लग्नाला, मयताला त्यातली वाक्यं डबा उघडून लोणचं वाढावं तशी वाढत आली होती; पुस्तकानं कधी कुरकूर केली नव्हती. आज पहिल्यांदा ती त्याच्याकडे काही मागत होती आणि पुस्तक, तेच पुस्तक, घट्ट ओठांनी नाही म्हणत होतं. ती पानं उलटायची आणि प्रत्येक पान शांतपणे सांगायचं, इथं नाही. तिला राग आला. मग भीती वाटली. आणि त्या भीतीच्या तळाशी, कबूल करायला लाज वाटावी इतकी बारीक, एक गंमतही वाटली. म्हणजे हे खरंच दुसऱ्या कुणाचं तरी बोलणं आहे तर. माझ्या तोंडात बसवलेलं नाही. मी म्हणेन ते ते म्हणत नाही.

लंचच्या सुट्टीत तिला एक सोपी वाटही दिसली. नुसता एखादा आकडा द्यायचा. यशया, अमुक अध्याय, तमुक वचन. मंडळीत आकडा ऐकला की कुणी पान उघडत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? भक्त माणसं आकड्यासमोर नम्र होतात. काकासाहेब तेवढे उघडून बघतील, पण त्यांचा मोतीबिंदू पिकायला टेकला होता. असा विचार आपण केला, याचं तिला पुढचा अर्धा तास भान होतं, तोंडात कडू सुपारी राहावी तसं. सुट्टी संपली तेव्हा काउंटरच्या जाळीमागे सहादू उभा.

"जय भीम, बाई. एक अंतर्देशीय द्या."

"सलाम, मामा. कुणाला लिहिताय?"

"पोरीला. कर्जतला." त्यानं टोपी काढून जाळीखाली ठेवली, जणू तीही पोस्टात टाकायची होती. चेहरा गुळगुळीत, आजच केलेली दाढी, कानाजवळ साबण राहिलेला. "कळवतो म्हनलं, जागा मिळाली म्हनून. ती सारखी काळजी करती, आबा तुमचं कसं व्हायचं." मग तो जाळीजवळ वाकला. "तुमच्या शास्त्रानं काम केलं बरं का माझं. एस्तेर म्हनायची, हसताय काय, एक दिवस हे पुस्तक तुमाला बी उपेगी पडंल. मी म्हनायचो, आमाला बाबासाहेबांनी घटना दिली, आमाला बास हाय. तर ती म्हनायची, घटनेत मरनाचं कलम दाखवा." तो हसला. "आता काय उत्तर देऊ तिला?"

जयमालानं अंतर्देशीय पुढं सरकवलं. 'आत्ताच लिहू नका, मामा' असं म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि सुट्टे आहेत का, एवढंच विचारलं. तो गेल्यावर तिला आठवलं, एस्तेरबाई आजारी असताना ती भेटायला गेली होती. एकाच खोलीत, एका भिंतीवर क्रूस, समोरच्या भिंतीवर बुद्ध, आणि मध्ये स्टोव्हवर सहादू भाकरी थापत होता, बायकोला जमत नव्हतं म्हणून. भाकरी एका बाजूला करपली होती. एस्तेरबाई म्हणाली होती, यांच्या धर्मात सगळे समान, फक्त भाकरी सोडून. त्या करपलेल्या भाकरीचा वास जयमालाला आत्ता काउंटरवर, डिंकाच्या वासातून, स्पष्ट आला. आणि तिला कळलं की कमिटीत बोलताना तिच्या डोळ्यांपुढे शास्त्र नव्हतंच. हा तवा होता. मग वाक्य? वाक्य कुणाच्या आवाजात ऐकलं होतं आपण? ती डोळे मिटून ऐकायला लागली, आणि वाक्य कर्जतकडच्या बोलीत ऐकू आलं.

बनुबाई! तिची सासू. तिला अक्षर येत नव्हतं, आणि म्हणून तिचं शास्त्र फार मोठं होतं. पाहुण्याला जेवता का असं विचारू नये, ताटच वाढावं, शास्त्रात लिहिलं हाय. उपाशी लेकराला मारू नये, शास्त्रात लिहिलं हाय. सुनेनं न्हालेल्या केसांनी उन्हात बसावं, कामाला कुनी बोलवू नये, शास्त्रात लिहिलं हाय. लग्न होऊन आली तेव्हा जयमाला मनात याद्या करायची, हे आहे, हे नाही, हे अर्धं आहे आणि अर्धं सासूबाईंचं. नव्या सुनेला तेवढा एकच विनोद परवडत होता. पण हे वाक्य तिनं कधी 'नाही'च्या बाजूला टाकलंच नव्हतं. पंचवीस वर्षं घरातल्या प्रत्येक मयताला ते म्हटलं गेलं होतं आणि प्रत्येक वेळी रडणारी माणसं ते ऐकून थोडी सरळ बसली होती. तपासायचं कुठून सुचणार?

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बनुबाई पडवीतल्या खाटेवर पाय सोडून बसली होती, मांडीवर परात, परातीत निवडायचे तांदूळ. डोळ्यांना खडे दिसत नव्हते. बोटांना दिसत होते.

"सासूबाई, ते तव्याचं वचन कुठलं हो?"

"कंचं?"

"एका तव्यावरची भाकर खाल्ली त्यांना मातीनं वेगळं करू नये."

"शास्त्रातलं." बोटं थांबली नाहीत.

"मी सगळं शास्त्र बघितलं."

"मग नीट बघ की. वाचाया तू शिकलीस. मी काय, ऐकलेली."

"कुणाकडून ऐकलं? बायबलबाईकडून?" बनुबाईच्या तरुणपणी गावोगाव फिरून बायकांना शास्त्र सांगणारी मिशनची एक बाई होती, बनुबाईचं निम्मं ज्ञान तिच्या नावावर होतं.

"तिनं लई सांगितलं. तिचा आवाज बारीक हुता, पन गोष्ट सांगाया लागली का चुलीवरचं उतू जायचं." बनुबाईनं एक खडा उचलून बाहेर फेकला. मग परात बाजूला ठेवली. तिनं सुनेच्या दिशेनं तोंड केलं, जिथं तिला बहुधा नुसती एक उजेडाची आकृती दिसत असेल. "कशाला पाहिजे तुला?"

जयमालानं सगळं सांगितलं. सहादू, ठराव, मोकळी जागा, अंतर्देशीय. सांगता सांगता तिचा आवाज लहान झाला. बनुबाई ऐकत होती आणि मध्येच तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. आधी ते दुःख वाटलं, मग कळलं की म्हातारी हसू दाबतेय.

"म्हंजी तू बी तेच केलंस," ती म्हणाली.

आणि मग तिनं सांगितलं. छप्पनच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. बनुबाईचा थोरला दीर भिमाजी गावाबरोबर बौद्ध झालेला, नवरा आधीपासून ख्रिस्ती. दोघा भावांचं बोलणं बंद. आणि त्यात त्यांची आई गेली. नवऱ्याकडची ख्रिस्ती माणसं म्हणत, तिचा बाप्तिस्मा झालाय, आमचीच माणसं उचलतील. भिमाजी दारात उभा, हातात कोरं लुगडं, आत यायची बंदी. दुपारपासून म्हातारी तशीच पडलेली, माशा बसायला लागलेल्या, आणि पुरुष धर्मावर बोलतायत. "मी सैपाकाच्या दारात हुते. दोन्हीकडची मानसं मी सांगितलेलं ऐकनार व्हती का? मी धाकटी सून. वाचता येत न्हाई. मंग मी डोक्यावरचा पदर पुढं वढला आन् म्हनलं, शास्त्रात लिहिलं हाय. लगीच समदी गप. कुनी इचारलं न्हाई कुठं लिहिलं. दोघांनी आईला उचललं, एक डोकं, एक पाय." तिनं परत परात ओढली. "तव्याचं का आलं तोंडात? हातात तवा हुता म्हनून."

जयमाला हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले, आणि तिला स्वतःचा थोडा रागही आला की आपण किती पटकन भरून येतो. तिच्या मनात हिशेब मांडून तयारच होता: ज्या वाक्यानं एक मयत उचललं, भावांना जोडलं, आता सहादूला जागा दिली, त्याच्यावर शिक्का नसला म्हणून काय? किती खरी वचनं आपण ऐकली ज्यांनी कुणाची घागरही उचलली नाही. चांगलंच आहे की. राहू दे. द्यावा एक आकडा. शास्त्र सासूबाईंच्या बाजूनं आहे, नुसतं त्यात लिहायचं राहून गेलंय.

"मग मी काय सांगू रविवारी?" तिनं विचारलं. तिला परवानगी हवी होती.

"मला इचारतीस?" बनुबाईचा आवाज एकदम कोरडा झाला. "मला वाचता येत न्हवतं. देवाच्या नावानं चार शब्द जास्तीचे बोलले, त्यो बघून घील, त्याला ठावं हाय मी अडानी. तुला वाचता येतंय, बाई. तू पुस्तक उघडून बघितलंस न्हवं? बघितल्यावर मंग तसं म्हनायचं न्हाई."

रविवारपर्यंतचे दिवस जयमालानं शोधणं थांबवलं आणि ती वाचायला लागली. हा फरक तिला स्वतःलाच आश्चर्याचा वाटला. जिंकायला काही नव्हतं, त्यामुळे घाई नव्हती. पहाटे दूधवाला यायच्या आधी ती पहिल्या पानापासून वाचत गेली, ज्या गोष्टी पोरांना रंगीत चित्रं दाखवून सांगितल्या त्याच, आणि त्या गोष्टींतली माणसं तिला आता पहिल्यांदाच काउंटरवर उभी असल्यासारखी दिसली: कटकटी, धूर्त, थकलेली, बायकोला बहीण म्हणून खपवणारी. अब्राहामाशी ती थांबली. त्याची बायको सारा मेली आणि त्याच्याकडे तिला पुरायला वीतभर जमीन नव्हती. परका माणूस, परक्यांच्या देशात. तो त्या लोकांपुढे उठून उभा राहिला. त्याचा देव त्यांचा देव नव्हता. आणि म्हणाला, मला माझ्या मयतासाठी जागा द्या. इतकी वर्षं ही गोष्ट तिनं अब्राहामाच्या बाजूनं शिकवली होती. आता तिला दुसऱ्या बाजूची माणसं दिसली. वेशीत बसलेले ते तिथले लोक, हेथी. त्यांची कमिटी.

रविवारी उपासनेनंतर खोलीत तीच मेंढरं, तीच पेटी. काकासाहेबांनी पान काढून ठेवलं होतं. मोकळी जागा लांबूनही दिसत होती.

"हं, बाई. अध्याय?"

"नाही," जयमाला म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"ते वचन शास्त्रात नाही. मी सगळं बघितलं. ते माझ्या सासूबाईंचं वाक्य आहे. मला खरंच वाटलं होतं, शास्त्रातलं आहे. आता माहीत आहे, नाही."

कुणीतरी खाकरलं. पाळकसाहेब तिच्याकडे बघत होते, चिडलेले नव्हते, पण त्यांचं तिकीट सुटल्यासारखं दिसत होतं. काकासाहेबांनी पेनला टोपण घातलं. "म्हणजे ठराव आधाराशिवाय झाला."

"हो. रद्द करा."

ते शब्द तोंडातून गेले तेव्हा तिला खिडकीतून बाहेर कडुलिंबाखाली सहादू दिसला. आज नवा सदरा घातला होता. पत्र तर कर्जतला पोचलंही असेल. तरी तिला आपले पाय जमिनीवर असल्यासारखे वाटले, या आठवड्यात पहिल्यांदाच.

"रद्द करा आणि पुन्हा घ्या," ती म्हणाली. "आता मी मांडते. शास्त्रात लिहिलंय म्हणून नाही. त्या दोघांनी चाळीस-पंचेचाळीस वर्षं एका खोलीत काढली, मी त्या खोलीत बसलेय, म्हणून. आणि शास्त्रात जे आहे तेही वाचा. साराला माती द्यायची होती तेव्हाचं."

पाळकसाहेबांनी पान काढून मोठ्यानं वाचलं. परक्या धर्माचे लोक अब्राहामाला म्हणतात, आमच्या थडग्यांतलं उत्तमातलं उत्तम निवड, आमच्यातला कोणी तुला नाही म्हणणार नाही. ते वाचून थांबले.

"पुढं वाचा," काकासाहेब म्हणाले. "अब्राहामानं फुकट घेतली नाही. रोख मोजून घेतली. अर्धवट वाचून चालत नाही, साहेब."

"वाचलंय मी," जयमाला म्हणाली. "त्यानं मोजलं, ती त्याची रीत. पण देणाऱ्यांनी आधी काय म्हटलं? आपण यात कोण आहोत, काकासाहेब? अब्राहाम की ते?"

काकासाहेबांनी चष्मा काढला. त्यांना उत्तर सुचत नव्हतं असं नाही. त्यांना दोनतीन सुचत होती, ती चेहऱ्यावरून एकेक जाताना दिसली. मग ते म्हणाले, "नियम मोडला तर उद्या दुसरा येईल."

"येऊ दे की," मागून आवाज आला. जो मागच्या वेळी आमेन म्हणाला होता तोच. "त्याचं त्या वेळी बघू."

हात वर झाले. सगळे नाही. पाळकसाहेबांचा थोडा उशिरा, पण सरळ. काकासाहेबांनी हात वर केला नाही, त्यांनी टोपण काढून लिहायला घेतलं, आणि लिहिता लिहिता, वर न बघता विचारलं, "तुमच्या सासूबाईंचं नाव?"

"कशाला?"

"मागच्या ठरावात ते वाक्य आहे. खोडायचं तर कुणाचं खोडलं ते लिहायला नको? बनुबाई ना? बरं." त्यांनी त्या वाक्यावर रेघ ओढली. "वाक्य चांगलं आहे."

ती बाहेर आली तेव्हा सहादू उठून उभा राहिला. त्याच्या कानावर आतले आवाज गेले असणार; त्यानं टोपी दोन्ही हातांत गच्च धरली होती.

"न्हाई निघालं का शास्त्रात?"

"नाही, मामा. ते नाही निघालं."

त्यानं मान हलवली, हळूहळू, डेपोत इंजिन उघडून बघितल्यावर हलवायचा तशी असेल. "मंग पोरीला दुसरं पत्र टाकाया लागंल."

"नका टाकू. जागा दिली."

"शास्त्रात नसताना?"

"शास्त्रात दुसरं होतं. सांगते नंतर. बसा आधी."

तो बसला नाही. कबरस्तानाच्या दिशेला बघत राहिला, डोळे बारीक करून, एखादी गाडी किती लांब आहे ते बघावं तसं. मग एकदम घाईनं, जणू कुणी निर्णय बदलायच्या आत, म्हणाला, "बाई, कंच्या अंगाला देनार?"

"मामा, अजून तुम्ही धडधाकट आहात."

"म्हनूनच इचारून घेतो. उजवीकडं नको. तिकडं तिचा बिघडलेला कान. त्या अंगाला झोपलं का मी बोललेलं तिला ऐकू येत न्हवतं. मंग ती मलाच म्हनायची, तुमी गप बसता."